डॉक्टरची नोंदणी आणि पदव्या कशा तपासायच्या: मुंबईकरांसाठी, क्रमाने

डॉक्टर तपासायचा म्हटलं की बहुतेक जण गुगलवर नाव टाकतात, तारे मोजतात, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर "कोणाला अनुभव आहे का?" असं विचारतात आणि वेळ उरलाच तर नोंदणी क्रमांक शोधतात. आधी कळस मग पाया, असा हा प्रकार आहे. ताऱ्यांवरून रिसेप्शनिस्ट कशी बोलते आणि किती वेळ ताटकळावं लागतं एवढंच कळतं. हातात सुरी धरणाऱ्या माणसाकडे त्या शस्त्रक्रियेची पदवी आहे का, हे कळत नाही.

चुका दोन्ही बाजूंनी होतात. एकाला वैद्यक परिषदेच्या यादीत नाव सापडत नाही आणि तो गल्लीतल्या प्रामाणिक बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाच्या, डॉक्टरला 'बोगस' ठरवून मोकळा होतो. दुसऱ्याला नाव सापडतं आणि तो निर्धास्त होतो, पण नोंद फक्त एमबीबीएसची असते आणि बेत असतो मणक्याच्या ऑपरेशनचा.

म्हणून प्रश्न तीन, आणि याच क्रमाने विचारायचे. नोंदणी आहे का? ती आज चालू आहे का? आपल्यावर जे काम होणार आहे, त्याची पदवी त्या नोंदीत आहे का? लोक पहिल्यावर थांबतात. खरी गंमत तिसऱ्यात आहे.

हे सगळं ठरवून करायच्या उपचारांसाठी आहे. छातीत कळ आली असेल तर वेबसाइटी उघडत बसू नका, १०८ ला फोन करा.

## टप्पा १: आधी कागद हातात घ्या

नावावरून शोध सुरू करू नका. क्रमांकावरून करा. क्रमांक कुठे मिळेल? डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाच्या २००२ च्या नियमांनुसार आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरने तो दवाखान्यात लावायचा असतो आणि प्रत्येक चिठ्ठीवर, दाखल्यावर, पैशांच्या पावतीवर छापायचा असतो. तेव्हा तो मागण्यात आगाऊपणा वगैरे काही नाही. घरबसल्या व्हिडिओवर तपासणाऱ्या डॉक्टरलाही २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार हेच बंधन आहे.

जमवायच्या गोष्टी या:

- केसपेपर किंवा चिठ्ठीचा फोटो, लेटरहेड आणि खालचा सही-शिक्का दोन्ही दिसतील असा
- दवाखान्याच्या पाटीचा फोटो
- पैशांची पावती
- सुचवलेल्या उपचाराचं किंवा ऑपरेशनचं नाव, डॉक्टरच्याच हस्ताक्षरात
- डॉक्टरचं पूर्ण नाव: स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आडनाव

चिठ्ठीचा फोटो केमिस्टकडे जाण्याआधी काढा. औषध दिल्यावर केमिस्ट त्यावर आपला शिक्का मारतो आणि तो हटकून नोंदणी क्रमांकावरच बसतो. मग तीन आहे की आठ, यावर घरात मतदान घ्यावं लागतं.

पाटी आणि लेटरहेड शेजारी-शेजारी ठेवून वाचा. पाटीवर पाच पदव्या आणि लेटरहेडवर तीनच असतील तर गळलेल्या दोन कुठल्या, ते टिपून ठेवा. सहाव्या टप्प्यात त्या लागतील.

इशारा: मोठ्या हॉस्पिटलच्या कागदावर वरच्या बाजूला छापलेला नोंदणी क्रमांक पुष्कळदा हॉस्पिटलचा किंवा ट्रस्टचा असतो. डॉक्टरचा क्रमांक सहीखाली शोधा.

## टप्पा २: कोणत्या परिषदेत शोधायचं ते ठरवा

निम्मे लोक इथेच घसरतात. 'डॉक्टर' म्हणवणाऱ्या सगळ्यांची मिळून एक यादी नाही. पदवी बघा आणि त्यावरून परिषद ठरवा.

- एमबीबीएस आणि त्यावरच्या पदव्या: महाराष्ट्र वैद्यक परिषद. सगळे हिला एमएमसी म्हणतात. कार्यालय चिंचपोकळीला, आर्थर रोड नाक्याजवळ.
- बीएएमएस (आयुर्वेद), बीयूएमएस (युनानी): महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन, म्हणजे एमसीआयएम. यांचा क्रमांक सहसा 'आय' या इंग्रजी अक्षराने सुरू होतो.
- बीएचएमएस: होमिओपॅथीची राज्य परिषद.
- बीडीएस, एमडीएस: महाराष्ट्र राज्य दंत परिषद.
- फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट: त्यांची वेगळी राज्य परिषद आहे.
- नर्स: महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल.
- फार्मासिस्ट: राज्य फार्मसी कौन्सिल, मुलुंडला.
- क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट: राज्याची नव्हे, दिल्लीची भारतीय पुनर्वास परिषद. तिच्या केंद्रीय नोंदवहीचा क्रमांक विचारा, लोक त्याला सीआरआर नंबर म्हणतात.

मानसोपचाराच्या बाबतीत फार घोळ होतो. सायकिअ‍ॅट्रिस्ट हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम (मानसोपचाराची पदविका) केलेला डॉक्टर असतो. तो एमएमसीत सापडतो आणि औषधं लिहितो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट पुनर्वास परिषदेत सापडतो. नुसतं 'काउन्सेलर' किंवा 'लाइफ कोच' असं लिहिलेलं असेल, तर एवढ्या बिरुदावर तपासायला नोंदवहीच नाही. तिथे शिक्षणाचं प्रमाणपत्र मागून बघणं एवढंच हाती उरतं.

ब्युरोमार्फत घरी येणाऱ्या नर्सचीही हीच गत. ब्युरोवाले 'सिस्टर' म्हणून पाठवतात. ती जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली असेल, एएनएम (सहायक परिचारिका) असेल किंवा चार वर्षं हॉस्पिटलात आया म्हणून राबलेली मावशीही असेल. मावशी अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं उत्तम करेल, पण सलाइन, इंजेक्शन, कॅथेटर असं काही असेल तर नर्सिंग कौन्सिलचा क्रमांक पाहिल्याशिवाय हात लावू देऊ नका. नर्सच्या दराने पैसे घेऊन मावशी पाठवणं हा या धंद्यातला नेहमीचा खेळ आहे.

ताळा: परिषद ठरली का? नसेल तर पुढे जाऊ नका. चुकीच्या यादीत नाव न सापडणं हा कशाचाच पुरावा नाही.

## टप्पा ३: राज्य परिषदेच्या नोंदवहीत शोधा

परिषदेच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत डॉक्टर शोधण्याची सोय असते. दुव्यावरून जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. डॉक्टरांच्या खासगी याद्या देणारी संकेतस्थळं शोधात वर येतात आणि दिसायला सरकारी वाटतात. तिथली माहिती बहुतेक डॉक्टरने स्वतः भरलेली असते.

एमएमसीचे क्रमांक दोन तऱ्हांचे दिसतात. जुन्या डॉक्टरांचा नुसता आकडा असतो, चार-पाच आकडी. नव्यांचा तीन भागांत असतो: आधी वर्ष, मग तिरपी रेघ, महिना, पुन्हा रेघ आणि मग क्रमांक. म्हणजे '२०११/०६/' आणि पुढे काही आकडे. शिक्का बनवणारा कधी रेघा गाळतो, कधी महिन्यातलं शून्य खातो. क्रमांक टाकून काही आलं नाही तर रेघांसह आणि रेघांविना, शून्यासह आणि शून्याविना असं करून पाहा.

तरीही काही आलं नाही, तर मग नावाकडे वळा. नावाचे सापळे असे:

लग्नाआधीचं नाव. नोंदणी इंटर्नशिप संपल्यावर होते, लग्न पुढे. पाटीवर सासरचं आडनाव आणि नोंदवहीत माहेरचं, हे मुंबईतल्या कितीतरी डॉक्टरणींच्या बाबतीत असतं. स्वच्छ विचारा, "मॅडम, नोंदणी कुठल्या नावाने आहे?" त्यांना या प्रश्नाची सवय असते.

नावांचा क्रम. आडनाव आधी की नंतर, याचा नेम नसतो. नुसतं आडनाव टाकलं तर पाटील आणि देशमुखांची जत्रा उघडते. आडनावासोबत पहिल्या नावाची तीन-चार अक्षरं टाका.

इंग्रजी स्पेलिंग. नोंदवह्या इंग्रजीत आहेत. क्षीरसागर 'के'ने सुरू होतो तसा 'एक्स'नेही. चौधरी, वैद्य, दीक्षित यांची प्रत्येकी तीन-तीन रूपं निघतात. मधल्या स्वराचा घोळ असेल तर शब्दाचा सुरुवातीचा तुकडाच टाकणं बरं.

नोंद सापडली की आडनाव जुळल्यावर खूश होऊ नका. पूर्ण नाव, क्रमांक, पदवी आणि पदवीचं वर्ष हे चारही जुळले पाहिजेत. दुसऱ्याच्या खऱ्या क्रमांकावर दुकान चालवणारे पकडले गेले आहेत. मिळत्याजुळत्या नावाच्या, निवृत्त झालेल्या किंवा वारलेल्या डॉक्टरचा क्रमांक पाटीवर लावणं ही त्यांची जुनी युक्ती. चाळिशीतल्या माणसाच्या क्रमांकापुढे १९७० च्या दशकातली पदवी दिसली, तर बाकी काही बघायची गरज नाही.

अलीकडे एमएमसीने डॉक्टरांसाठी क्यूआर कोडही आणला आहे. 'नो युवर डॉक्टर' असं नाव दिलंय. दवाखान्यात लावलेला कोड मोबाइलवर स्कॅन केला की नोंदणीची माहिती दिसते. सोय चांगली आहे, पण स्कॅन केल्यावर उघडलेलं पान परिषदेच्याच पत्त्यावरचं आहे का, हे वर वाचून घ्या. चौकोनी स्टिकर कोणालाही छापून मिळतो. आणि कोड लावलेला नाही म्हणून डॉक्टर खोटा, असाही अर्थ काढू नका.

## टप्पा ४: राष्ट्रीय नोंदवहीशी ताडून पाहा

हा एमबीबीएसवाल्यांपुरता टप्पा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २५ सप्टेंबर २०२० रोजी जुन्या भारतीय वैद्यक परिषदेची जागा घेतली. आयोगाच्या संकेतस्थळावर भारतीय वैद्यक नोंदवही आहे. तिथे नाव, क्रमांक, नोंदणीचं वर्ष आणि राज्य परिषद यांवरून शोधता येतं.

इथे एकच चूक वारंवार होते. लोक नुसता क्रमांक टाकतात आणि पहिली आलेली नोंद आपली समजतात. प्रत्येक राज्याची मोजणी वेगळी, त्यामुळे तोच आकडा दिल्लीतही असतो आणि कर्नाटकातही. राज्य परिषद निवडल्याशिवाय शोधू नका. चिठ्ठीवर 'डीएमसी' लिहिलं असेल तर ती दिल्लीची परिषद. मुंबईत कायम दवाखाना थाटलेल्या डॉक्टरचा क्रमांक बाहेरच्या राज्याचा असेल, तर महाराष्ट्रात नोंदणी केली आहे का, हा सरळ प्रश्न विचारा.

राष्ट्रीय नोंदवही राज्याच्या मागे चालते. नवी पदवी राज्यात चढलेली असते, दिल्लीत नसते. दोन्हींत फरक दिसला तर ताज्या माहितीसाठी राज्याची नोंद धरा. दिल्लीच्या नोंदीचा खरा उपयोग वेगळा आहे: विद्यापीठाचं नाव आणि पदवीचं वर्ष तिथे मिळतं, आणि आयोगाने काळ्या यादीत टाकलेल्या डॉक्टरांची यादीही तिथेच असते.

आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधली आरोग्य व्यावसायिकांची यादीही काही जण पुरावा म्हणून दाखवतात. त्या यादीत नाव नसणं म्हणजे काहीच नाही, आणि नाव असलं तरी परिषदेची नोंद बघायची ती बघायचीच.

## टप्पा ५: नोंदणी चालू आहे का?

एमएमसीची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्यासाठी त्या पाच वर्षांत निरंतर वैद्यक शिक्षणाचे ३० क्रेडिट गुण जमवावे लागतात. भिंतीवरचं फ्रेममधलं पिवळं पडलेलं प्रमाणपत्र पहिल्या नोंदणीचं असतं. आज डॉक्टरकी करायचा अधिकार आहे का, हे त्यावरून कळत नाही.

मुदत संपलेली दिसली तर लगेच आरोळी ठोकू नका. चांगल्या, गजबजलेल्या डॉक्टरांकडूनही हे राहून जातं. "नूतनीकरणाला टाकलंय" असं उत्तर आलं तर अर्जाची पावती दाखवायला सांगा. मुदत संपून दोन-तीन वर्षं झाली असतील आणि उत्तर उडवाउडवीचं असेल, तर मी स्वतः तिथे शस्त्रक्रिया करून घेणार नाही. काही बिनसलं तर विम्यापासून कोर्टापर्यंत तोच मुद्दा आधी निघेल.

निलंबन ही वेगळी गोष्ट आहे. परिषद ठरावीक मुदतीसाठी नाव काढते, मुदत संपली की डॉक्टर परत येतो. त्यामुळे आज 'चालू' दिसणारी नोंद कधीकाळी निलंबित होती का, ते शोधाच्या पानावर कळेलच असं नाही. त्यासाठी नवव्या टप्प्यातला माहिती अधिकाराचा मार्ग आहे.

## टप्पा ६: पदव्यांचा उलगडा

पाटीवरच्या नावामागची माळ उजवीकडून वाचू नका. पायापासून वाचा: मूळ पदवी कुठली, त्यावर पदव्युत्तर काय आणि उरलेलं सगळं काय.

मूळ पदवी: एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, बीयूएमएस, बीडीएस. हीच नसेल तर पुढचं वाचू नका. 'बीईएमएस' म्हणजे इलेक्ट्रोहोमिओपॅथी, तिला वैद्यकीय पदवी म्हणून मान्यता नाही. 'एमडी (एएम)' यातलं एएम म्हणजे अल्टरनेटिव्ह मेडिसिन. कंस बारीक अक्षरात छापलेला असतो, एमडी ठळक.

खरी पदव्युत्तर पदवी: एमडी, एमएस, किंवा राष्ट्रीय परीक्षा मंडळाची डीएनबी. डीएनबी कमी दर्जाची, हा जुना गैरसमज अजून ऐकू येतो, तो सोडून द्या. त्यावर डीएम, एमसीएच आणि डीआरएनबी या अतिविशेष पदव्या. डीसीएच (बालरोग), डीजीओ (स्त्रीरोग-प्रसूती), डीए (भूल), डी-ऑर्थो (हाडं) या पदविका.

एमडी म्हटलं की कशातलं, हे विचारलंच पाहिजे. एमडी (आयुर्वेद) आणि एमडी (होमिओपॅथी) याही खऱ्या पदव्या आहेत, पण त्यांच्या-त्यांच्या शास्त्रातल्या. आणि एमडी (फार्माकॉलॉजी) झालेला माणूस हुशार असला तरी हृदयरोगतज्ज्ञ नव्हे.

उरलेली शेपटी: फेलोशिप, सभासदत्व, सर्टिफिकेट कोर्स. 'एफ'ने सुरू होणाऱ्या लांबलचक अक्षरांपैकी पुष्कळशी संघटनेची वर्गणी भरून मिळालेली सभासदत्वं असतात. काही फेलोशिप वर्षभर राबून केलेल्या असतात, काही शनिवार-रविवारच्या. एमएस ऑर्थोनंतर केलेली गुडघ्याची फेलोशिप ही भरच. नुसत्या एमबीबीएसवर 'फेलो इन डायबेटॉलॉजी' असेल तर तो साखरेत रस असलेला जनरल प्रॅक्टिशनर. वाईट नाही, पण पाटीवर 'मधुमेहतज्ज्ञ' लिहिण्याजोगाही नाही. आचरण नियम सांगतात की त्या शाखेची विशेष पात्रता असल्याशिवाय डॉक्टरने स्वतःला विशेषज्ञ म्हणवू नये.

एफआरसीएस, एमआरसीपी यांसारख्या परदेशी पदव्या परिषदेच्या नोंदीत अतिरिक्त पात्रता म्हणून चढल्या आहेत का, ते बघा.

इथे २०१८ सालची गोष्ट सांगायलाच हवी. परळच्या सीपीएसची, म्हणजे कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची, खोटी पदव्युत्तर प्रमाणपत्रं दाखवणाऱ्या पन्नासहून अधिक डॉक्टरांवर एमएमसीने कारवाई केली. हे लोक मुन्नाभाई नव्हते. सगळ्यांकडे एमबीबीएसची नोंदणी होती, खोटा होता तो वरचा मजला. शिवाय ती प्रमाणपत्रं परिषदेच्या नोंदीतही चढली होती. म्हणजे नोंद हाही शेवटचा शब्द नाही. शंका असेल तर पदवी कुठल्या कॉलेजातून, कुठल्या वर्षी, कुठल्या हॉस्पिटलात काम करून घेतली, हे विचारा. ज्याने तीन वर्षं केईएम किंवा सायनच्या वॉर्डात काढली आहेत, तो युनिट हेडचं नाव घेऊन दहा मिनिटं बोलतो.

ताळा: वर्षं जुळवा. नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ चं. १९९० साली पदवी घेतल्याचं सांगणाऱ्याच्या प्रमाणपत्रावर हे विद्यापीठ असूच शकत नाही, मुंबईच्या कॉलेजांतून तेव्हा मुंबई विद्यापीठाची पदवी मिळे. 'पंचवीस वर्षांचा अनुभव' आणि क्रमांकात २०१४ असेल तर विचारा. बाहेरच्या राज्यातून नोंदणी हलवली असेल तर क्रमांक नवा असू शकतो, तेव्हा उत्तर ऐकून घ्या.

पदवी नोंदीत दिसत नाही, पण डॉक्टर ठामपणे आहे म्हणतो, असंही होतं. पदव्युत्तर पदवी परिषदेत वेगळा अर्ज करून चढवावी लागते आणि काहींचं ते राहतं. मूळ प्रमाणपत्र दाखवायला सांगा.

## टप्पा ७: काम आणि पदवी यांचा मेळ

पहिल्या टप्प्यात उपचाराचं नाव लिहून घ्यायला सांगितलं ते याच्यासाठी. त्याच्यासमोर पदवी लिहा.

आयुर्वेदाच्या किंवा युनानीच्या डॉक्टरने अ‍ॅलोपॅथीचं औषध लिहिलं म्हणून तो बोगस ठरत नाही. महाराष्ट्रात सरकारी आदेशांनी त्यांना प्रशिक्षणाच्या मर्यादेत तशी मुभा आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा सीसीएमपी अभ्यासक्रम आला. आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांच्या संघटनेचा त्याला कडवा विरोध आहे आणि भांडण कोर्टात गेलेलं आहे. तुमच्यापुरतं इतकंच: बीएचएमएस डॉक्टर अँटिबायोटिक लिहीत असेल तर "सीसीएमपी केलंय का?" हे विचारायचा तुम्हाला अधिकार आहे.

त्वचा आणि केसांची दुकानं हा अंधेरी ते ठाण्यापर्यंतचा मोठा बाजार आहे. 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' या शब्दाला भुलू नका. त्वचारोगतज्ज्ञ म्हणजे त्वचाशास्त्रातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही, डीव्हीडी यांसारखी पदविका. केशरोपणाबद्दल राष्ट्रीय वैद्यक आयोगाने २०२२ मध्ये सूचना काढल्या. कार्यशाळेत बसून किंवा यूट्यूबवर पाहून घेतलेलं शिक्षण असल्या प्रक्रियांना पुरेसं नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. आयोगाला हे लिहावं लागलं, यावरून बाजाराची कल्पना करा.

ऑपरेशन असेल तर तीन माणसं तपासायची, एक नव्हे:

1. सर्जन. ज्याला दाखवलं तोच करणार आहे ना? "सर स्वतः करणार का?" हे विचारा आणि संमतीपत्रावर त्याचंच नाव आहे का ते वाचा.
2. भूलतज्ज्ञ. याला कोणीच तपासत नाही. छोट्या नर्सिंग होममध्ये तो बाहेरून येतो, आदल्या रात्रीपर्यंत नाव ठरलेलं नसतं. एमडी, डीएनबी किंवा डीए, यांपैकी काहीतरी हवंच. नाव आधी मागा.
3. रात्रीचा आरएमओ, म्हणजे हॉस्पिटलात मुक्कामाला असलेला डॉक्टर. सर्जन संध्याकाळी घरी जातो. रात्री दोनला रक्तदाब पडला तर धावणारा तो कोण? कितीतरी लहान हॉस्पिटलांत हा माणूस बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. साध्या गाठीच्या ऑपरेशनला मी त्यावर अडून बसणार नाही. आयसीयूत राहावं लागणार असेल तर नक्की बसेन.

लॅबच्या रिपोर्टवरची सहीही वाचा. पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पात्रता असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच सही करायला हवी, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये मान्य केलं. एकाच डॉक्टरची स्कॅन केलेली सही बोरिवलीत आणि मानखुर्दला एकाच वेळी दिसत असेल, तर लॅब बदला.

## टप्पा ८: जागेची नोंदणी

जिथे रुग्ण दाखल करतात त्या जागेला महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा, १९४९ लागू होतो. मुंबईत ही नोंदणी महापालिकेच्या वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्याकडे होते. ठाणे, नवी मुंबई, वसई-विरारला त्या-त्या महापालिकेकडे. 'सी' नमुन्यातलं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावायचं असतं. त्यावर तीन गोष्टी वाचा: पत्ता हाच आहे का, खाटा किती, मुदत कधीपर्यंत. नोंदणी तीन वर्षांची असते आणि ३१ मार्चला संपते. एप्रिल-मे महिन्यात जाणार असाल तर हे आवर्जून बघा.

खाटा नसलेल्या साध्या दवाखान्याला हा कायदा लागत नाही. तिथे डॉक्टरची नोंदणी हीच सगळी तपासणी. गुमास्ता, आयएसओ, हॉटेलात झालेल्या समारंभात राजकारण्याच्या हस्ते घेतलेला पुरस्कार, यांतलं काहीही वैद्यकीय परवाना नव्हे.

सोनोग्राफी केंद्रात गर्भलिंगनिदान प्रतिबंध कायद्याखालचं प्रमाणपत्र लावलेलं असलंच पाहिजे, त्याची मुदत पाच वर्षांची.

## टप्पा ९: मागचा इतिहास

इथे अपेक्षा कमी ठेवा. परिषदेकडे प्रलंबित असलेल्या तक्रारी लोकांसाठी खुल्या नसतात. जे करता येतं ते असं.

ग्राहक आयोग आणि न्यायालयांच्या संकेतस्थळांवर पक्षकाराच्या नावाने शोधा, डॉक्टरच्या आणि हॉस्पिटलच्याही. दाखल असलेला दावा म्हणजे दोष नव्हे. तीस वर्षं अवघड ऑपरेशनं करणाऱ्याच्या नावावर एखाद-दुसरा दावा असणारच. निकाल लागलेला असेल तर तो पूर्ण वाचा, बातमीचा मथळा नव्हे. एकाच प्रकारची तक्रार पुन्हा पुन्हा दिसली तर थांबा.

परिषदेत माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्जात विषय एकच हवा आणि मजकूर साधारण १५० शब्दांच्या आत. 'अमुक डॉक्टरविषयी सगळी माहिती द्या' असं लिहिलं तर वैयक्तिक माहिती म्हणून फेटाळतील. असं लिहा: या क्रमांकाच्या डॉक्टरच्या नोंदलेल्या पात्रता कोणत्या, नोंदणीची मुदत कधीपर्यंत, आणि परिषदेने शिक्षेचा अंतिम आदेश काढला असल्यास त्याची प्रत. उत्तराला ३० दिवस धरा, म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या ऑपरेशनला याचा उपयोग नाही.

## टप्पा १०: गडबड आढळली तर

आधी कुठली गडबड, ते ठरवा. दार चुकलं की अर्ज महिनोन्महिने फिरतो.

कुठल्याच परिषदेत नोंदणी नाही: वॉर्डाच्या आरोग्य अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यात. नोंदणीशिवाय वैद्यकी करणं हा गुन्हा आहे. राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. परिषद इथे फारसं करू शकत नाही, कारण तो माणूस तिचा सभासदच नाही.

नोंदणी आहे, पण खोट्या पदव्या किंवा निष्काळजीपणा: संबंधित परिषद. ती ताकीद देते, निलंबित करते, नाव काढते. पैसे मिळवून देत नाही.

भरपाई हवी: ग्राहक आयोग. दावा दोन वर्षांच्या आत दाखल करावा लागतो. परिषदेचा निकाल लागेपर्यंत थांबणारे नेमके ही मुदत घालवून बसतात. दोन्ही एकाच वेळी चालू शकतं.

जागेची नोंदणी नाही, दरपत्रक लावलेलं नाही: पुन्हा वॉर्डाचा आरोग्य अधिकारी.

तक्रारीआधी केसचे सगळे कागद लेखी अर्ज देऊन मागा आणि पोच घ्या. आचरण नियमांनुसार डॉक्टरने ते ७२ तासांत द्यायचे असतात. तोंडी भांडण आधी आणि कागद मागून, असा क्रम लावला तर कागद मिळतात पण त्यात नव्या शाईच्या ओळी सापडतात. नोंदवहीत जे दिसलं त्याचा स्क्रीनशॉट तारीख आणि पानाचा पत्ता दिसेल असा त्याच दिवशी काढून ठेवा.

आणि खात्री होईपर्यंत सोसायटीच्या गटावर 'बोगस' हा शब्द टाकू नका. माहेरच्या नावाने नोंदलेल्या डॉक्टरणीकडून अब्रूनुकसानीची नोटीस आली तर ती नोटीस बरोबरच असेल.